चार नफर

आमच्या आईचा एक नियम होता: तिघांनी मिळून कुठे निघायचं नाही. तीन तिगाडा, काम बिगाडा. निघावंच लागलं तर एक दगड बरोबर घ्यायचा, त्याला चौथा मानायचं आणि कोणी विचारलं तर न चुकता चार सांगायचे. तीन म्हटलं की दगड घेतल्याचा उपयोग नाही. लग्नानंतर बायकोने हा नियम माझ्यापेक्षा कडक पाळला. मी इंजिनियर असूनही पाळत होतो, आणि त्यापायी एक भला माणूस मरता मरता राहिला.

मंदीचा तो हिवाळा होता. दुबई मरीनातल्या आमच्या टॉवरचं काम अर्ध्यावर थांबलं होतं आणि आम्ही तिघं नोटीस पिरियडवर होतो: मी, पुण्याचा एक सहकारी आणि रत्नागिरीचा आमचा स्टोअरकीपर. त्याची स्वतःची पिकअप होती. रास अल खैमाच्या डोंगरावर बर्फ पडल्याची बातमी आली. कायमचं परत जाण्याआधी तो तरी बघून घेऊ, असं ठरलं. रिकामपण आलं की माणसाला अवदसा आठवते. पहाटे निघताना बायकोने नियमाप्रमाणे माझ्या खिशात दगड घातला.

डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा अरब बकऱ्या राखून राहायचा. वर जाणाऱ्याने त्याला सांगून जायचं आणि उतरल्यावर तोंड दाखवायचं, एवढीच तिथली सुरक्षा. सकाळी मी एकटाच त्याच्या दारात गेलो. बाकीचे दोघे थंडीने काचा चढवून गाडीत बसले होते. म्हाताऱ्याने समोरच्या घळीकडे बोट दाखवलं.

"रात को पानी पत्थर के अंदर बर्फ बनता. धूप आता, पत्थर छोड़ता. ज़ोहर का अज़ान के बाद उधर कोई नहीं, खलास." मग माणसं किती ते विचारलं, "कितना नफर?"

"चार," मी म्हणालो आणि माझा मोबाइल नंबर लिहून दिला. तीन म्हणायला जीभ वळलीच नाही.

घळीच्या वरच्या टोकाला बर्फ होता, वीतभर. ऑफिसचे बूट भिजले, बोटं बधिर झाली. ऊन चढलं तसा वर कुठेतरी टक् असा आवाज झाला आणि नारळाएवढा दगड आमच्या शेजारून खाली गेला. थोड्या वेळाने आणखी दोन. फोटो काढणं थांबलं. उतरताना स्टोअरकीपर पुटपुटत दुवा म्हणत होता. मी तर घाबरलोच होतो, आणि ते लपवण्यासाठी दोघांवर उगाच खेकसत होतो.

दुपारच्या अज़ानच्या आत खाली पोचलो. म्हातारा बकऱ्यांमागे गेला होता. रस्त्याच्या कामावरच्या एका पठाण मजुराला लांबूनच हात केला, हीटर लावला आणि निघालो. थांबायला हवं होतं.

शहरात शिरताना फोन वाजला. तो पठाण होता. म्हाताऱ्याकडची माझ्या नंबरची चिठ्ठी घेऊन रेंजसाठी वळणापर्यंत खाली आला होता.

"साब, मैंने तीन आदमी देखा. चौथा नहीं आया, तो बाबा ऊपर ढूँढने गया. उसका नाम बोलो, आवाज़ देना है."

मी म्हणालो, चौथा नाहीच. "बाबा के पास फोन नहीं है," तो म्हणाला.

आम्ही गाडी वळवली. सहकाऱ्याने वाटेभर मला शिव्या घातल्या. त्याचं बरोबरच होतं. लांबूनच घळीत धुरळा दिसला. पोचलो तेव्हा पठाण म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन उतरत होता. म्हाताऱ्याचा उजवा हात कोपरापासून लोंबत होता, कपाळ फुटलं होतं, हाका मारून आवाज बसला होता. मी त्याचे पाय धरले आणि दगडाचं सगळं सांगितलं. त्याला पटेना. त्या महिन्यांत लोक गाड्या, घरं टाकून पळत होते. आम्ही माणूस टाकून पळतोय, असंच त्याला वाटलं.

"किसका बच्चा है वो?" तो म्हणाला.

हॉस्पिटलकडे नेताना रेंज आली. मी बायकोला फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्याच्यापुढे धरला.

"बेटी, घर से कितना नफर निकला?"

"चार, चाचा," ती लगेच म्हणाली.

मी ओरडलो. ती गोंधळून तीन म्हणाली, पण आता काय उपयोग. गाडी थांबेपर्यंत म्हाताऱ्याने धड असलेल्या हाताने दार उघडून एक पाय बाहेर टाकला होता. त्याला पुन्हा आत बसवायला आम्हा तिघांना जोर लावावा लागला, आणि हॉस्पिटल येईपर्यंत त्या बसलेल्या आवाजात तो मला एकच विचारत होता, "नाम क्या है उसका?"