सुकेळीचा तुकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. दर नाताळाआधी पापनिवेदनाला गुडघे टेकते, रागावले, शेजारणीला टाकून बोलले — असली किरकोळ पापं फादरांपुढे ओतते. हे तेवढं गिळते. आता तुम्हाला सांगतानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय.

सांडोरला आमची केळीची बाग आहे. तिथं उदमांजराचं पिल्लू सापडलं, मादी. आई रस्त्यावर गाडीखाली गेलेली. माझा जुना विद्यार्थी विल्सन असे प्राणी वाचवायचा. त्यानं वनखात्याला कळवलं, बागेच्या टोकाला पिंजरा उभारला. ती मोठी झाली तसं मला बजावलं, "टीचर, आता हातानं भरवायचं नाय, आवाज नाय द्यायचा. माणसाला घाबरली तरच जगेल ती."

किती साधी गोष्ट! जन्मभर पोरांना शिस्त शिकवली ना मी? तरी विल्सनची पाठ वळली की मी जायची. जिभेनं टक् टक् करायची. ती मागच्या पायांवर उभी राहायची आणि माझ्या तळहातावरून सुकेळीचा तुकडा — आमच्याकडे उन्हात वाळवतात ते राजेळी केळं — अलगद उचलायची. माया? कसली डोंबलाची माया! कुणीतरी फक्त माझ्याकडे येतंय, याची चटक लागली होती मला.

सोडायच्या आदल्या दिवशी विल्सननं विचारलं, घाबरते ना माणसाला? मी म्हटलं — हो तर, मला बघून कोपऱ्यात दडते.

माझ्या शब्दावर त्यानं तिला जंगलात सोडलं. आठवडाभरात ती जवळच्या पाड्यावर गेली आणि अंगणात वाळवण घालणाऱ्या बाईसमोर मागच्या पायांवर उभी राहिली. बाई किंचाळली. लोकांनी काठ्यांनी मारली. रानातलं जनावर असं अंगाशी आलं तर पिसाळलेलंच वाटणार. त्यांचा काय दोष? त्यांनीच विल्सनला बोलावून ती दाखवली.

तो आमच्या ओट्यावर बसून रडला. "मीच घाई केली, टीचर." आणि मी — मी त्याला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, तू तरी काय करणार! तोंड नव्हतं का मला? एका वाक्याचं तर काम होतं.

तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याला नायगावच्या खाडीकडून फोन आला, कोल्ह्याचं पिल्लू सापडलंय म्हणून. तो नाही म्हणाला. चर्चबाहेर भेटला तेव्हा मला सांगत होता, "माझा अंदाज चुकतो, टीचर. आता नको कुणाचा जीव."

मी म्हटलं, बरं केलंस.