तिसरं कोटेशन

तेगालवांगीत वेत विणणाऱ्यांची बोटं टोकाशी चपटी झालेली असतात. मामांग सारकिम यांच्या अंगठ्याला तर नखही धड वाढत नव्हतं. नवव्या वर्षी वडिलांशेजारी बसून त्यांनी पहिली बैठक विणली, आणि त्यानंतर पन्नास वर्षं ते खुर्च्याच विणत आले. चिरेबॉन शहराच्या बाजूला असलेल्या त्या गावात घरटी एक तरी विणकर आहे, त्यामुळे यात नवल काही नाही. नवल असलंच तर एवढंच, की या पन्नास वर्षांत मामांगच्या स्वतःच्या नावाने एकही मागणी आली नव्हती. काम यायचं ते निर्यातीच्या कारखान्याचं, नगावर. टेम्पोतून सांगाडे अंगणात उतरायचे, विणून झाले की टेम्पोतूनच परत जायचे. पुढे त्यांच्यावर कोणाचं लेबल लागतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या नावाने पहिली मागणी मी पाठवली. ती खोटी होती.

मी तेव्हा बांडुंगला व्यवसाय व्यवस्थापनाच्या तिसऱ्या वर्षाला होते. खरेदी आणि पुरवठा साखळी हा विषय रेंगानिसबाई शिकवायच्या. त्यांनी काम दिलं होतं ते असं : एक हॉटेल कल्पायचं, त्याला एकशेवीस वेताच्या खुर्च्या हव्यात असं धरायचं, तीन ठिकाणांहून कोटेशनं मागवायची, तक्ता करून प्रत्येकाला गुण द्यायचे आणि एकाला निवडायचं. आपण विद्यार्थी आहोत हे समोरच्याला आधी सांगा, असं बाईंनी दोनदा बजावलं होतं. वरच्या वर्गातल्या मुलींनी मला वेड्यात काढलं. विद्यार्थी म्हटलं की कुत्रंसुद्धा उत्तर देत नाही, त्या म्हणाल्या. शिवाय आणखी एक युक्ती त्यांनी सांगितली. दोन कोटेशनं चांगली घ्यायची आणि तिसरं मुद्दाम लंगडं. म्हणजे निवड विचार करून केल्यासारखी दिसते.

मी हॉटेलचं नाव ठेवलं तुमांगगल. पाठ्यपुस्तकाच्या मागे मागणीपत्राचा नमुना होता, तो जसाच्या तसा उतरवला. दोन मोठ्या कंपन्यांची कोटेशनं त्याच दुपारी आली. तिसऱ्यासाठी मला मैत्रिणीच्या फोनमध्ये एक फोटो सापडला. एका घराबाहेर हाताने रंगवलेली पाटी होती, 'जुन्या खुर्च्या दुरुस्त करून मिळतील', खाली नंबर. हे लंगडं नक्की, असं मला वाटलं, आणि मागणीपत्राचा फोटो त्या नंबरवर पाठवला. त्या वेळी मला आनंदच झाला होता, हेही लिहायला हवं.

मामांगचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्यांनी दराचं काहीच विचारलं नाही. पाहुणे न्याहारीला बसणार की दुपारभर बसणार, म्हातारी माणसं येतात का, खुर्च्या छपराखाली राहणार की उघड्यावर, असं विचारत राहिले. मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर रचलं. म्हातारी माणसं येतात, म्हटलं. सकाळी बागेत बसतात. मालक कोण, तर माझे काका. बोलता बोलता ती बाग मला दिसायला लागली होती.

चार दिवसांनी त्यांच्या अक्षरातल्या कागदाचा फोटो आला. त्यात दर नव्हता. एक खुर्ची करून, तिच्यात कोणीतरी बसून पाहिल्याशिवाय दर कसा सांगायचा, एवढंच लिहिलं होतं. मी तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'कागदपत्रं अपुरी' लिहून पाचपैकी एक गुण दिला, आणि शेऱ्यात लिहिलं, 'पुरवठादार व्यावसायिक नाही'. त्यांना काही कळवलं नाही. बाईंनी माझा तक्ता वर्गात पडद्यावर लावून दाखवला. लंगड्या पुरवठादाराला ओळखायचं कसं, याचं तो उदाहरण झाला.

पुढच्या महिन्यात एका सकाळी दहाच्या सुमाराला घरमालकीण इमासताईंनी जिन्याखालून हाक मारली.

"सेकार, खाली ये गं. तुझं हॉटेल विचारत कोणीतरी आलंय. मला भाडं द्यायला तुझ्या जिवावर येतं, आणि हॉटेल कधी काढलंस?"

दारात मामांग उभे होते. ठेवणीतला बाटिकचा शर्ट, डोक्यावर काळी टोपी, आणि शेजारी जुन्या लुंगीत गुंडाळलेली खुर्ची. पहाटेच्या बसने आले होते. खुर्चीसाठी कंडक्टरने वेगळी जागा मागितली, म्हणून ती वाटभर मांडीवर धरली होती. पत्रात नमुना या पत्त्यावर पोहोचवावा असं लिहिलं होतं, आणि पत्ता माझ्या खोलीचा होता. ती ओळ मी उतरवली होती, वाचली नव्हती.

इमासताईंनी त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे बघत स्वयंपाकघरात गेल्या. मामांगनी एक डबा माझ्या हातात ठेवला. त्यात पिवळा भात होता. पहिली मागणी आली म्हणून त्यांनी घरी प्रार्थना ठेवली होती, गल्लीतल्या तीस घरांना बरकतीचा भात वाटला होता, तसाच थोडा तुरीनाने, त्यांच्या बायकोने, आज पुन्हा करून मालकांसाठी दिला होता.

मी हसले, आभार मानले. मग मी आणखी एक खोटं बोलले. मालकांनी दुसऱ्याच्या खुर्च्या घेतल्या, मी कळवणारच होते, असं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. धंद्यात असं होतंच, म्हणाले. मग खुर्चीभोवतीची लुंगी सोडून खुर्ची फरशीवर ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"नोक, पोरी, एवढं सांग. काय चुकलं? म्हाताऱ्या माणसांना उठताना टेकू हवा म्हणून हात रुंद केले, ते जाड दिसतात का? की बैठक उंच झाली?"

मी म्हटलं, तसं काही नाही.

"नाही कसं? काहीतरी असल्याशिवाय नाकारतात का? सांग, मला वाईट नाही वाटणार. घरी जाऊन उसवून बघीन."

पाठीचे वेत आतून दुहेरी होते, टोकं कुठेच बोचत नव्हती. मला एक खोट सांगायची होती, कुठलीही चालली असती. हात जाड आहेत, एवढं म्हटलं असतं तर ते परत गेले असते, आणि उरलेलं आयुष्य हात बारीक करत राहिले असते. मला ते जमलं नाही. मी जमिनीवर बसले आणि सांगितलं, की हॉटेल नाही. काका नाहीत. तो अभ्यास होता, आणि तिसरं कोटेशन हवं होतं म्हणून मी तुमचा नंबर घेतला.

त्यांनी खुर्चीच्या बैठकीवर तळवा टेकवला.

"म्हणजे कोणी बसून पाहिलंच नाही," ते म्हणाले.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. मागणीच्या दिवसापासून तीन महिने पुरवठादाराने हात मोकळे ठेवावेत, असं त्या पत्रात एक कलम होतं. मामांगनी ते आपल्या मुलीकडून वाचून घेतलं आणि पाळलं. कारखान्याचं हंगामाचं काम त्यांनी परत पाठवलं होतं. त्यांच्या वाटणीचे सांगाडे आता शेजाऱ्यांच्या अंगणात होते.

मी काहीतरी भरपाईचं बोलायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"गावात मी काय सांगू? खुर्ची नापास झाली असंच म्हणतील सगळे. माझं ऐकणार नाहीत. तू चल आणि तूच सांग."

आम्ही दुपारी तेगालवांगीला पोहोचलो. वाटेत ते एकदाच बोलले, मला बस लागते का, असं विचारायला. अंगणात तुरीना आणि सात-आठ शेजारी होते. नापास का, असं कोणीतरी विचारलंच. मी उभी राहून सांगितलं, की खुर्चीत काही खोट नाही, खोटी मी होते. वाक्य बसमध्ये पाठ केलं होतं, तरी मध्येच आवाज गेला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं. एका म्हातारीला ऐकू कमी येत होतं. तिच्यासाठी शेजारणीने ते तिच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, माझं नाव घालून.

कोणी शिवी दिली नाही. तुरीना फक्त म्हणाली, "शिकलेली आहेस ना? मग कारखान्यातल्या यायानलाही सांगून ये. त्याला आमचं पटणार नाही."

यायान कारखान्याचा कारकून. गोदामाच्या खिडकीत बसून काम वाटायचा. खिडकीसमोर विणकरांची रांग होती, आम्ही तिच्या शेवटी उभे राहिलो. माझं ऐकून यायान खळखळून हसला.

"हॉटेलवाल्या बाई! आमच्याकडे नाही आलात मागणी घेऊन?" रांगेतले दोघे-तिघे हसले. मग तो मामांगकडे वळला, आणि त्याचा आवाज बदलला. "मामांग, यादी बंद झाली हो. विणकाम या हंगामात नाही. घासकामाला एक माणूस कमी आहे, पण ते पोरासोरांचं काम. तुम्हाला कसं सांगू?"

मी यायानला म्हटलं, चूक माझी आहे, यादीत एक नाव वाढवता येणार नाही का? तो म्हणाला, कागद वर गेलाय. पुरवठा साखळीच्या पहिल्याच धड्यात मी हे शिकले होते, की एकदा वर गेलेला कागद खाली येत नाही. त्या धड्याला मला पूर्ण गुण होते.

मामांगनी टोपी काढली, खिडकीवर वाकले आणि घासकामाच्या वहीत आपलं नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. वहीत त्यांच्या नावाच्या वरचं नाव त्यांच्या भाच्याच्या सतरा वर्षांच्या मुलाचं होतं. मागच्या माणसाने सरकायला सांगितलं तसे ते बाजूला झाले.

"तीनची बस आहे," ते मला म्हणाले. "जा. नंतर थेट पाचची."

मी गेले नाही. आतमध्ये त्यांना पॉलिश पेपरची गड्डी आणि तोंडाला बांधायचं फडकं मिळालं. पोरांनी सरकून त्यांना जागा करून दिली, आणि त्यातल्या एकाने पेपर कसा धरायचा ते त्यांना दाखवलं. मामांगनी ते लक्षपूर्वक पाहून घेतलं, जणू त्यांना माहीत नव्हतं. मी दाराशी उभी होते. वेताची भुकटी उडत होती. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.