दोघी जावा आणि वेल्सचा नोव्हेंबर

परदेशात फिरायला कधी जावं, असं कुणी विचारलं की मी सांगते, खेड्यात जा आणि कुणी जात नाही त्या दिवसांत जा. ऐकणाऱ्याला वाटतं, स्वस्त पडतं म्हणून ही असं म्हणते. तेही खोटं नाही. पण पूर्ण उत्तर द्यायचं तर मला माझ्या जाऊबाईंपासून सुरुवात करावी लागते.

आमचं घर नल्लकुंट्यात, तेलुगू मुलखात. खाली मोठे दीर आणि जाऊबाई, वर आम्ही दोघं. जाऊबाईंना घरात सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायची. त्या नांदेडकडच्या, शेतकऱ्याची लेक. मी लातूरची, कॉलेज केलेली, कोठी भागात टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला. सासूबाई होत्या तोवर स्वयंपाक एकत्र होता. त्या गेल्या आणि काही दिवसांनी मी वर वेगळा स्वयंपाक करू लागले. भांडण असं काही झालं नाही. तेव्हा सगळंच बदलत होतं. ज्या गॅससाठी आधी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, तो मागितला की मिळू लागला होता. आम्हाला मिळाला, आणि चूल वेगळी करणं सोपं झालं. मग बोलणंही कमी होत गेलं. नळ आला, लाइट गेली, दूधवाला आज येणार नाही, एवढंच जिन्यातून एकमेकींना सांगायचो. अशी बरीच वर्षं गेली.

अक्कांचा मुलगा अमीरपेटला कॉम्प्युटर शिकला आणि बघता बघता कंपनीनं त्याला वेल्समध्ये कार्डिफला पाठवलं. त्यानं आईवडिलांना बोलावलं. दिरांनी थंडी सोसत नाही म्हणून साफ नकार दिला. एकट्या अक्का कशा जाणार? त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मुलानं मला ऑफिसात फोन केला. "काकू, तुम्ही आईसोबत या ना," एवढंच तो म्हणाला. मी हो म्हटलं ते त्याच्यासाठी, आणि थोडं विमानासाठी.

त्याला रजा मिळाली ती नोव्हेंबरात. तिकडचा मोसम तेव्हा संपलेला असतो. गल्लीतल्या बायकांनी मला लंडनमध्ये काय काय बघायचं ते सांगून ठेवलं होतं, आणि पुतण्यानं फोनवर सांगितलं की आपण आधी पाहुणे उतरवणाऱ्या एका शेतावरच्या घरात राहणार आहोत, लंडन परतताना. मी खट्टू झाले. ज्यांनी परदेश पाहिला होता ते म्हणाले, नोव्हेंबरात तिथं काहीच नसतं, चार वाजता अंधार पडतो. अक्कांना मात्र फरक पडला नाही. मला माझं पोरगं बघायचंय, ते अंधारातही दिसेल, असं त्यांनी दिरांना सांगितलेलं मी जिन्यातून ऐकलं.

शेतावरचं ते घर दगडी होतं, डोंगराच्या उतारावर. खाली ओढा, समोर हिरवीगार कुरणं आणि त्यात मेंढ्या. मालकीणबाई साठी ओलांडलेल्या, एकट्याच. शेत त्यांचा भाऊ बघायचा. बैठक, जेवणाची खोली, वरच्या तीन खोल्या, सगळं रिकामं. पाहुणे आम्हीच. मी पहिल्या सकाळी घाईनं आवरून बसले, कारण पुतण्या म्हणाला होता की अशा घरांत नाश्त्याची वेळ ठरलेली असते. बाईंनी हसून सांगितलं की वेळा उन्हाळ्यात असतात. आता तुम्हाला भूक लागेल ती वेळ. आणि थंडी वाजली तर खोलीत बसू नका, माझ्या स्वयंपाकघरात या.

त्या स्वयंपाकघरात एक भलीमोठी लोखंडी शेगडी होती. ती दिवसभर पेटलेलीच असायची. अक्का तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि तीच त्यांची जागा झाली.

दोन-तीन दिवसांतच पुतण्याला कंपनीतून बोलावणं आलं. काहीतरी अडलं होतं, त्याच्याशिवाय होणार नव्हतं. त्याचं तोंड उतरलं. आम्हाला तो परत कार्डिफला नेणार होता, तिथं त्याच्या खोलीत दिवसभर बसून राहायला. मालकीणबाई म्हणाल्या, यांना इथंच राहू दे, माझ्याकडे या दिवसांत कोण आहे? मी अक्कांकडे पाहिलं. त्या घाबरल्या असतील असं वाटलं. पण त्या म्हणाल्या, "तू जा बाळा. काकू आहे की माझ्यासंगं."

इतक्या वर्षांत माझ्याविषयी असं काही त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

मग आम्ही दोघीच राहिलो. एक खोली, दोन खाटा, आणि नळ आला, लाइट गेली यातलं सांगण्यासारखं काहीच नाही.  सकाळी मी म्हटलं, चला, ओढ्यापर्यंत जाऊ. त्यांनी साडीवर मुलाचा जुना कोट चढवला, डोक्याला मफलर बांधला आणि निघाल्या. सडकेवर चिटपाखरू नव्हतं. उन्हाळ्यात इथं गाड्यांमुळे पायी चालता येत नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. आता मधोमध चाललो तरी कुणी अडवणारं नव्हतं. बारीक पाऊस थांबून थांबून पडत होता. बाईंचा भाऊ एका बांधाचे ढासळलेले दगड पुन्हा रचत होता. त्यानं हात केला. अक्कांनीही केला.

"आमचे बाबा बी असंच करायचे," त्या म्हणाल्या. "सुगी झाली की बांध बघायचे, अवजारं नीट करायचे. तेच दिवस मला आवडायचे. तेवढेच दिवस ते घरात कुणाशी तरी बोलायचे."

त्यांच्या वडिलांविषयी मला काहीच ठाऊक नव्हतं. मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. घरी असतो तर हे विचारायला वेळ झाला नसता, आणि गर्दीच्या दिवसांत आलो असतो तर बघण्यासारख्या ठिकाणांमागे धावलो असतो. तिथं बघण्यासारखं काही उघडंच नव्हतं. चहाचं दुकान बंद, जुन्या वाड्याचं दार बंद, पाहुण्यांना फिरवणारी छोटी आगगाडी बंद. राहिलो आम्ही दोघी.

एका दुपारी बाई आणि त्यांचा भाऊ शेगडीजवळ बोलत होते. मला काही कळत नव्हतं. मला वाटलं, गावठी इंग्रजी असेल, भरभर बोलताहेत. अक्का माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "ही इंग्रजी नाही. त्या आपल्याशी बोलतात तिचा सूर येगळा आहे." मी बाईंना विचारलं. बाईंचा चेहरा उजळला. ती त्यांची वेल्श होती. घरात तीच, बाहेर इंग्रजी. त्या म्हणाल्या की उन्हाळाभर पाहुण्यांसाठी इंग्रजी बोलून जीभ थकते, आणि पाहुणे गेले की त्यांची भाषा घरात परत येते.

हे मी अक्कांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना माझ्याहून लवकर कळलं. आपलं बी तेच की, त्या म्हणाल्या. बाजारात हिंदी, शेजारी तेलुगू, घरात मराठी. मग त्यांनी मला विचारायला लावलं, मुलं बोलतात का? बाई म्हणाल्या, मुलगा बोलतो. नातवंडांना कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देतात. मात्र आता शाळेत शिकवायला लागलेत, धाकटी नात वाचायला लागलीय.  अक्कांच्या मुलाला मराठी बोलता यायचं, वाचताना मात्र तो अडखळायचा.

त्या संध्याकाळी खोलीत जाताना त्या जिन्यातच थांबल्या. "तू नोकरीला जायचीस ना," त्या म्हणाल्या, "तवा मला वाटायचं, ही सुटली. मीच राहिले घरात. तुझ्यावर राग नव्हता गं. काय की, पण दिसायचा तसाच."

मी म्हटलं, "मला वाटायचं, घर तुमचं आहे. मी आपली वरती राहणारी पाहुणी."

 त्या माझा हात धरून वर आल्या.

शनिवारी गावाच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण होतं. पाहुण्यांचा मोसम सरला की दर महिन्याला ते एकत्र जेवतात, प्रत्येक जण घरून काहीतरी आणतो. बाईंनी आम्हालाही बोलावलं. अक्कांनी मुलासाठी तूरडाळ, चिंच आणि काळा मसाला बांधून आणला होता. त्यातलं थोडं या घरी घेऊन आलो होतो. खट्टी दाल करायची ठरली. चिंच किती घालायची यावर आमचं जमेना. माझी दाल त्यांना फिकी लागायची आणि त्यांची मला आंबट. एरवी मी तोंड वाकडं करून बाजूला झाले असते, पण तिथं शेगडी एकच होती. थोडी घालू, चाखू, मग बघू, असं करत करत जी झाली ती ना त्यांची होती ना माझी. फोडणी तडतडली तेव्हा बाई दार उघडून मागे सरल्या आणि लगेच वाकून बघायला पुढे आल्या.

हॉलमध्ये पातेलं रिकामं झालं. जेवणानंतर त्या लोकांनी गायला सुरुवात केली, वाद्यं नाहीत, नुसते आवाज, म्हातारे, बायका, मेंढपाळ सगळे. मग त्यांनी आम्हाला गायला सांगितलं. मी लाजले. अक्का उठल्या आणि भुलाबाईचं गाणं म्हणू लागल्या. मध्येच विसरल्या. पुढची ओळ मला येत होती, लातूरकडे तिच्यात एक शब्द वेगळा आहे. मी तो घालून ती म्हटली. त्यांनी माझ्याकडे पाहून तोच शब्द उचलला आणि शेवटपर्यंत गेल्या. ती मंडळी कळत नसूनही ताल धरून बसली होती.

पुतण्या आम्हाला न्यायला आला तेव्हा दोघींना इथं एकटं टाकलं म्हणून माफी मागत होता. अक्कांनी त्याला शेगडीजवळ बसवलं आणि सांगितलं की रोज थोडं मराठी वाचायचं, फोनवर मी ऐकणार. तो हसला, पण ऐकलं त्यानं. लंडनही पाहिलं आम्ही. फोटो आहेत.

घरी आल्यावर चुली काही एक झाल्या नाहीत. दोघींनाही आपापल्या स्वयंपाकाची सवय झाली होती, आणि त्यात वाईट काही नव्हतं. पण दुपारचा चहा खाली होऊ लागला, आणि सुट्टीच्या दिवशी मी ओट्याशी त्यांच्याजवळ उभी राहू लागले. दीर म्हणायचे, तुम्ही एवढं काय बोलता? काही नाही, त्या म्हणायच्या, आणि खरंच काही विशेष नसायचं.

पुढच्या वर्षी माझ्या रजेची वेळ आली तेव्हा मी विषय काढण्याआधीच अक्का तयार होऊन वर आल्या. आम्ही काचीगुड्याला एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. त्यानं नेपाळचे रंगीत कागद पुढे ठेवले आणि कोणत्या महिन्यात बर्फाची शिखरं स्वच्छ दिसतात ते सांगू लागला. अक्कांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते असू द्या. तिकडच्या खेड्यात कुणीच जात नाही, असा महिना कोणता?"