एक तरी चालत गेली पाहिजे

पेशंटला हात लावायच्या आधी सिस्टर दोन्ही तळहात एकमेकांवर घासायच्या. थंडी असो नसो. मग एक हात स्वतःच्याच गालाला लावून बघायच्या, गार तर लागत नाही ना. आणि म्हणायच्या, "चला, आपण उठू या."

आता उठायचं पेशंटनं, आणि जोर सगळा सिस्टरचा. पण 'आपण'ची सवय अशी जडली होती, की ब्युरोत आल्या तरी तेच. "आपण चहा घेऊ या," म्हणायच्या आणि कप एकट्या माझ्यापुढे ठेवायच्या. ब्युरो चालवणाऱ्या मॅडम चिडल्या की, "आपण आता शांत व्हायचं हं." मॅडम आणखी चिडायच्या.

मी त्या ब्युरोत फोनवर. शनिवार पेठेत, चष्म्याच्या दुकानाच्या वर. घरी आजारी माणूस असलं की नर्स पुरवणारी आमची संस्था. दारव्ह्याहून पुण्यात आलो होतो ते आयटीत घुसायला. पण आमच्या सरांनी शिकवलेलं कॉम्प्युटर हिंजवडीच्या इंटरव्ह्यूत कुणी ओळखच दाखवेना. मग कंपनीच्या एसी बसमधून जाणारी पोरं लांबून बघत या खुर्चीत येऊन बसलो. भांडवल एकच, नकला. कुठली पार्टी (आमच्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात) फोनवर कशी बोलली, ते फोन ठेवल्या ठेवल्या मागच्या खोलीत करून दाखवायचो. तिथं लोखंडी खाटांवर, ड्यूटीची वाट बघत सिस्टर लोक बसलेल्या. सगळ्यात मोठ्यानं हसायच्या त्या ह्याच. दिग्रसकडच्या, म्हणजे माझ्याच बाजूच्या. माझ्याशी बोलताना पुण्याची भाषा गळून पडायची.

"काऊन रे नकल्या, आज कोनाची वाट लावली?"

तुमच्याकडे कधी चोवीस तासांची सिस्टर राहिली असेल, तर तुम्हाला हे वाक्य माहीत असेल: "अगदी घरच्यासारख्या राहा हं." प्रत्येक पार्टीला पाठ. म्हणजे काय, तर झोपायचं पलंग आणि कमोड ह्यांच्या मधल्या फटीत. चहाचा पेला वेगळा, तो खिडकीत. "सिस्टर, बसल्याच आहात तर तेवढी कणीक मळता का?" एका घरात तर फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलेली: 'सिस्टरांनी फ्रिज विचारून उघडावा. विचारल्यास नाही म्हटले जाईल.' ही चिठ्ठी त्या आम्हाला पाठ म्हणून दाखवायच्या. तेव्हा नक्कल त्यांची, हसणारा मी.

त्यांना स्वतःची खोली नव्हती. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही, गावाकडे भाऊ-भावजय. ड्यूटी असेल तर पेशंटचं घर, नसेल तर ब्युरोची खाट. एक बॅग, ती कुठल्या तरी पलंगाखाली.

आणि साडीच्या आत, परकराखाली, कमरेचा पट्टा.

पट्ट्याचं मला एकट्याला माहीत होतं, कारण जुना सैल झाला तेव्हा नवा मीच मेडिकलमधून आणला. इतकी वर्षं एकटीनं माणसं उचलून कंबर गेली होती. दवाखान्यात एक पेशंट उचलायला दोघी असतात, घरात सिस्टर एकटी, वर सून दारात उभी राहून सांगणार, "जरा सांभाळून हं!"

"डॉक्टर म्हने, वजन उचलू नका," त्या मला सांगत होत्या. "म्या म्हटलं, डॉक्टरसाहेब, वजन मी उचलतच नाई. मानसं उचलते."

"मॅडमना सांगा ना."

"पट्टा दिसला का मॅडम घरी पाठवते. कोनत्या घरी?"

म्हणून मी माझ्यापरीनं जुगाड करायचो. नव्या पार्टीचा फोन आला, की लोक पत्ता विचारतात, मी आधी विचारायचो, "पेशंट अंगानं कसे आहेत हो?" एकजण भडकले, "लग्न ठरवताय का?" पण त्यातूनच सापडल्या आजी. आमच्या ब्युरोपासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेलेली. अंगानं म्हणाल तर वाळत घातलेल्या पातळाएवढ्या. मुलगा परदेशात, मोठ्या कंपनीत. मी लगेच ह्या सिस्टरचं नाव लिहून टाकलं. अशी हलकी आणि लांब चालणारी ड्यूटी आमच्या धंद्यात लॉटरी.

मागच्या खोलीतल्या परभणीच्या थोरल्या सिस्टरनी त्या दिवशी त्यांना ज्ञान दिलं. "हे बघ, पेशंट मेला की ड्यूटी जाती. बरा झाला तरी जाती. ना इकडं ना तिकडं, असा लटकलेला पेशंट सांभाळावा माणसानं. पडून राहू दे म्हातारीला. तुझीबी कंबर राहील."

"हौ, बराबर हाय," ह्या म्हणाल्या आणि बॅग उचलून गेल्या.

आजींच्या खोलीत कॅमेरा होता. मुलगा तिकडून इंटरनेटवर बघायचा आणि फोन मला करायचा. "हाय, ॲक्च्युअली सिस्टर लास्ट ट्वेंटी मिनिट्स खुर्चीवर बसलेल्या दिसतायत. एनी इश्यू?" मी म्हणायचो, "नाही सर, खुर्ची चेक करतायत." वाईट नव्हता तो. आई म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण लांबून काळजी करायची म्हटली, की माणसाला दुसऱ्याची खुर्चीच दिसते.

पहिल्याच आठवड्यात आजींनी सिस्टरना बजावलं, "मला तुमची सेवाबिवा नको. मला माझी माझी संडासला जायचंय. दार लावून. एवढं होत असेल तर बोला, नाहीतर गप्प बसा."

सिस्टर म्हणाल्या, "मग जाऊ की आपण."

आणि सुरू झालं ना राव. व्यायामवाला आठवड्यातून एकदोनदा यायचा आणि हात हलवून जायचा. बाकीचे दिवस ह्या. मी एकदा सही घ्यायला गेलो होतो तेव्हा पाहिलं. आजींच्या समोर उभ्या राहून कमरेला मिठी मारलेली, आजींचा लुळा पाय स्वतःच्या पावलानं पुढे ढकलतायत. एक पाऊल, थांब, एक पाऊल. लांबून वाटावं दोघी म्हाताऱ्या नाचतायत. आजींचा सगळा भार त्या पट्ट्यावर.

"किती घट्ट धरता! पळून नाही जाणार मी," आजी.

"पळाल्या तर माझी नोकरी जाईल," सिस्टर.

दोघी हसल्या. मी नाही हसलो, आणि मी कशावरही हसणारा माणूस.

जिन्यात गाठून मी म्हटलं, "अहो, ती चालली तर तुम्हाला काढतील."

"मालूम हाय मले."

"दुसरी हलकी पार्टी कुठून आणू मी? आणि हे असं रोज उचललंत तर दुसरीच्या लायकीच्या राहाल का?"

त्यांनी कठड्याला पाठ टेकवली. "आयक. येवढे वर्ष लोकाईची कूस बदलवत आली रे मी. पाठीले पावडर लाव, तोंडात पानी सोड. सारे झोपूनच गेले, माह्या हातात. कोनाले उभं केलं नाई. एक तरी चालत गेली पायजे ना!"

ह्यावर काय नक्कल करणार?

एका दुपारी चालता चालता आजींचा गुडघा मोडला. सिस्टरनी त्यांना सोडलं नाही, स्वतः खाली बसल्या आणि आजींना मांडीत झेललं. आजींना खरचटलंसुद्धा नाही. ह्यांच्या कमरेत काहीतरी तुटल्यासारखं वाजलं. पाचव्या मिनिटाला फोन, "सिस्टर आईला जमिनीवर का बसवतायत? फरशी गार असते."

त्यानंतर त्या एका बाजूला कलून चालायला लागल्या. आजी सरळ होत गेल्या आणि ह्या वाकड्या. आजींच्या लक्षात आलं होतं. "तुम्हाला काय झालंय?" विचारलं त्यांनी, तर ह्या म्हणाल्या, "काही नाही, आपण चालू या."

मग एक दिवस ब्युरोत फोन वाजला. मी नेहमीच्या सुरात "नमस्कार, बोला" म्हणतोय तर पलीकडून नुसतं हुंदके दिल्यासारखं हसणं. "नकल्या! आजीनं आतून कडी लावली रे! मी बाहेर उभी. म्हने, जा तुम्ही, उभ्या राहू नका तिथं. मले हाकलून दिलं!"

इतका आनंद मी पुण्यात कुणाच्या आवाजात ऐकला नव्हता. हिंजवडीत नोकरी लागलेल्या मित्राच्यासुद्धा नाही.

कडी मुलालाही कळली. आई खोलीतून एकटी बाहेर जाते, एकटी परत येते, हे त्यानं कॅमेऱ्यात पाहिलं. त्याचा फोन आला तेव्हा खरंच रडत होता बिचारा. "अमेझिंग! सिस्टरनी मिरॅकल केलंय. मी त्यांना कसं थँक करू?" आणि त्याच श्वासात, "सो आता चोवीस तासांची गरज वाटत नाही. दिवसाची बाई बघू या."

मी म्हटलं, "सर, अजून थोडे महिने राहू द्या की. पडल्या बिडल्या तर?"

"नो नो, आईला डिपेंडंट नाही करायचंय."

परदेशी चॉकलेटचा डबा देऊन त्यांना मोकळं केलं. मी बॅग घ्यायला गेलो होतो. आजी मुलाशी फोनवर भांडत होत्या, "मला बरं वाटलं ही काय माझी चूक आहे?" सिस्टरनी फटीतली चादर घडी केली. उठताना पलंगाचा कठडा धरला, तो जरा जास्तच वेळ. आजींना म्हणाल्या, "आपण रोज चालायचं हं." बस.

मॅडम खूश होत्या. 'चालवून दाखवणारी सिस्टर' म्हणून त्यांनी पुढची ड्यूटी लगेच दिली. हिंजवडीला, उंच टॉवरमध्ये. आजोबा चांगले भरभक्कम. मी म्हटलं, "मॅडम, दुसरं कुणी..." मॅडम म्हणाल्या, "कुणी आहे का?" खोलीत खरंच कुणी नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "जाते मी."

संध्याकाळच्या आत सुनेचा फोन. "अहो, आम्ही सिस्टर मागवली होती. तुम्ही पेशंट पाठवलात का?"

पहिल्याच उचलण्यात त्या आजोबांच्या पलंगापाशी बसल्या, त्या उठल्याच नाहीत. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून रिक्षात आडव्या पडून आल्या. वर आणताना पट्टा मॅडमना दिसला. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "आता तुमचं काय करू मी?"

मग त्या मागच्या खोलीत, खाटेवर. बाकीच्या सगळ्या ड्यूटीवर, कुणाकुणाची कूस बदलायला. ह्यांची बदलायला कुणी नाही. मी बशीतून चहा द्यायचो. बाकीचं ज्याला बाईमाणूस लागतं, ते खालच्या चष्म्याच्या दुकानातली झाडूवाली सवड झाली की करून जायची. तोवर ह्या पाणीच प्यायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "आजीनं काऊन येवढा आटापिटा केला, ते आता समजलं मले."

भावानं गावी बोलावलं. बोलावलं म्हणजे, नाही म्हटलं नाही. स्लीपर बसमध्ये नेमकी वरची जागा मिळाली. खालच्या बर्थवरचा आयटीतला मुलगा कानात वायरी घालून झोपला होता, झोपल्यासारखा. मी आणि क्लीनर त्यांना उचलू लागलो. मी कमरेतून वाकलो तर एकदम ओरडल्या, "पाठ नको वापरू! गुडघ्यातून उठ. येकदा गेली का परत नाई येत." आम्ही चढवलं कसंबसं. चेहरा पांढरा पडला होता. पडदा ओढता ओढता म्हणाल्या, "पेशंटले असं पोत्यासारखं नाई फेकत रे." ते हसणंच होतं, असं मी धरून चाललोय.

नंतर अधूनमधून फोन करायचो. उचलायची भावजय. "झोपूनच हायेत जी. आता बोलत बी नाईत लय." मागे घरात कुणीतरी कुणाला तरी ओरडत असायचं.

परवा दुपारी जिन्यावर काठीचा आवाज आला. टक, थांब, टक, थांब. बघतो तर आजी. एकट्या. रस्ता ओलांडून, आमचा हा अंधारा जिना चढून. घामानं निथळलेल्या आणि तोंडावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखा भाव.

"कुठंय ती?" म्हणाल्या. "बोलव. तिला सांग, चालत आलेय."

मी म्हटलं, "गावाला गेल्यात आजी."

"कशाला?"

"आराम करायला."

"बरं झालं," आजी म्हणाल्या. "पाठ फार दुखायची तिची. सांगायची नाही, पण मला दिसायचं." जरा टेकल्या, पाणी प्यायल्या. "कधी येणार आहे?"

मी फायली सरळ करायला लागलो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं. काठी घेऊन उठल्या. मी धरायला पुढे झालो.

"हात नको लावूस," आजी म्हणाल्या. "मला येतं."

आणि कठडा धरून, एकेक पायरी, उतरून गेल्या.