पोवळ्याच्या टाकीत घातलेला हात

त्या दिवशी तिथं कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझी सून होती, ती मला आत्या म्हणती. तिची मुलगी, म्हंजे माझी नात, कॉलेजात जाती, ती होती. आन् तिथं कामाला असलेली निळ्या शर्टाची एक पोरगी होती, चोवीस-पंचवीसची. बाकी बघायला आलेली माणसं लई होती, पण ती यात न्हाईत. जे झालं ते आम्हा चौघींत झालं. खरं बोलायचं तर माझ्यात आन् त्या पोरीत.

शाळा माझी तिसरीपातूर. लिहायला हात चालत न्हाई. नातीनं फोन म्होरं धरलाय, मी बोलते तसं ते लिहितंय. चुकलं तर ती नीट करती, पण माझा शब्द बदलायचा न्हाई असं मी तिला बजावलंय.

आम्ही पुण्यातल्या वारज्याचे. तिकडं वाघोलीच्या पुढं माशांचं मोठं घर झालंय, खोलीएवढ्या काचेच्या टाक्या, आत समुद्राचं पाणी. नात म्हणली, "आजी, तू समुद्र पाहिलायस का?"

मी म्हणलं, "खडकवासल्याचं धरण पाहिलंय."

"मग चल, तुला समुद्र आतून दाखवते."

सून म्हणली, "मासे बघायला एवढ्या लांब? मंडईत फुकट दिसत्यात. वर कापून बी देत्यात." पण नटून आधी तीच दारात उभी राहिली.

दोन बस बदलून गेलो. उतरलो तवा माझं डोकं गरगरत होतं. बाहेरच्या कट्ट्यावर बसून मी डबी काढली आन् मिश्री लावली. मिश्री म्हंजे तव्यावर काळी भाजून कुटलेली तंबाखू, दाताला घासायची. सून म्हणली, "आत्या, हितं बी?" मी पदराला बोट पुसलं आन् आत गेले. आयुष्यभर पदरालाच पुसलंय. धुवायचं कधी ध्यानात आलं न्हाई.

आत सगळा अंधार आन् निळा उजेड. म्होरं काच, काचेपल्याड मासे. एक पिवळाजर्द, हळद लागलेल्या नवरीसारखा. एक निळा, स्टोव्हच्या जाळासारखा. त्यांच्या मधी दगडांची रास, दगडावर झाडं उगवल्यासारखी, झाडांना बोटं, आन् ती बोटं हलत होती.

नात म्हणली, "आजी, हे कोरल. म्हणजे पोवळं."

"पोवळं तू मला शिकवती का? माझ्या मंगळसूत्रात दोन होती. पोवळं म्हंजे खडा. खडा हलतो कसा?"

मागं कुणीतरी हसलं. ती निळ्या शर्टाची पोरगी. म्हणली, "आजी, हा जीव आहे. बारीक बारीक जीव एकमेकांना धरून राहतात आणि घर बांधत जातात. तुमच्या मंगळसूत्रात होतं ना, ते त्यांचं रिकामं घर."

मला पटलं न्हाई. मी म्हणलं, "बाई, तुला पगार मिळतो म्हणून तू सांगती."

तर ती आणखी हसली. नात म्हणली, "सॉरी हं, आजी अशीच आहे." ती म्हणली, "असू दे, माझी पण अशीच आहे. गावाला असते."

माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. काचेवर उजेड पडला की मला निस्तं पांढरं दिसतं. मी काचेला नाक लावून बघत होते ते त्या पोरीनं पाहिलं. कोपऱ्यात दोरी बांधून एक बसकी टाकी ठेवलेली, वरनं उघडी, न्हाणीतल्या टबाएवढी. ती म्हणली, "आजी, काचेतून दिसत नाही ना तुम्हाला? या, दोरीच्या आत या. वरून बघा. फक्त पाण्यात हात नाही घालायचा."

दोरी तिनं वर उचलून धरली. मी वाकून आत गेले. सून आन् नात बाहेर.

त्या टाकीत पोवळ्याचे बोटभर तुकडे ओळीनं लावलेले. रोपं वाफ्यात लावत्यात तसे. मी इचारलं, हे काय? ती म्हणली, "ही माझी नर्सरी. इथं मोठी करायची, मग त्या मोठ्या टाकीत लावायची. ही सगळी मी लावलीत, अकरा महिने झाले."

"अकरा महिन्यांत एवढंच?"

"नखाएवढं वाढतं आजी हे."

"मग माझी मेथी बरी. महिन्यात जुडी."

ती पोट धरून हसली. तेवढ्यात मोठ्या टाकीवर एक लेकरू बाटली आपटाया लागलं आन् ती तिकडं पळाली, "अहो, जरा मुलाला आवरा," करत.

मी एकलीच राहिले. आन् मी हात घातला.

का घातला म्हणाल, तर खडा का जीव ते बघावं म्हणून. दुसरं काय न्हाई. मिश्रीचं बोट पुढं केलं. टेकवलं मात्र, त्यानं अंग चोरलं. लाजाळूचं पान मिटतं तसं, बारीक बारीक तोंडं आत गेली. मला कळलं, पोरगी खरं बोलत होती. तवाच हात काढायला पाहिजे होता. मी काढला न्हाई. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला, ते बी मिटलं. मला गंमत वाटली. लई वर्षांनी कशाची तरी गंमत वाटली. मनगटापातूर हात पाण्यात, आन् मी हसत होते.

ती येताना दिसली तसा हात पदराखाली घेतला.

"आजी, हात नाही ना घातलात?"

"न्हाई गं बाई."

"रागावू नका, विचारावं लागतं. हाताला काही ना काही असतं, यांना सोसत नाही."

"मी कशाला घालू?"

दुसरं खोटं पहिल्यापरीस सोपं गेलं. ती मला थँक्यू म्हणली. दोरी परत उचलून धरली. पदर वला झाला होता तो मी बसमधी वाळवला.

खोटं मी आधी कधी बोललेच न्हाई असं न्हाई. मंडईत शिळी मेथी पाणी मारून ताजी म्हणून विकलीय. पण त्यानं कुणाची भाकरी गेली न्हाई.

आठ-दहा दिसांनी नात मैत्रिणींसंगं परत तिकडं गेली. संध्याकाळी आली तवा मी मटार सोलत होते, सून कणीक मळत होती. नात म्हणली, "आई, ती छोटी टाकी आठवते? रिकामी आहे. सगळं मेलं म्हणे. आपण गेलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पांढरं पडत गेलं, चार दिवसांत सगळं संपलं."

सून म्हणली, "अगंबाई. आन् ती पोरगी?"

"ती तिथे कामाला नाहीये आता. तिच्याबरोबरची सांगत होती. साहेबांनी विचारलं, दोरीच्या आत कोणाला घेतलं होतंस का? तिने खरं सांगितलं, एका आजींना घेतलं होतं. ते म्हणाले, त्यांनी हात घातला असणार. तर ती म्हणाली, नाही घातला. मी विचारलं होतं त्यांना. त्या कशाला खोटं बोलतील? मग ते म्हणाले, म्हणजे तूच हात न धुता काम केलंस."

मी मटार सोलत राहिले. शेंगा सरल्या तरी टोपलीत हात फिरवत होते.

आता मिश्रीचं सांगते, म्हंजे तुम्हाला कळंल की मला सगळं ठावं होतं. लगीन होऊन आले तवा वारज्यात सगळी वावरं. आता जिथं लिफ्टच्या बिल्डिंगी हायेत तिथं आमचा घेवडा होता, मेथी होती. मालक छातीच्या दुखण्यानं गेले तवा धाकटा अंगावर पीत होता. पहाटे पाटी डोक्यावर घेऊन चालत मंडई, दुपारी परत, मग वावर. भाकरी दोघा पोरांना पुरायची, मला पुरायची न्हाई. शेजारच्या म्हातारीनं तव्यावर तंबाखू भाजून दिली. म्हणली, "लाव. भूक मरती." लावली. मेली. तवापासनं हाय. त्याचं मला काय वाटत न्हाई, तसे दिस होते, गेले.

पण त्याच तंबाखूचं पाणी आम्ही घेवड्यावर मारायचो. मावा, म्हंजे पानावरची बारकी कीड, पडला की रातभर तंबाखू भिजत घालायची आन् सकाळी ते पाणी झाडूनं शिंपडायचं. दुपारपातूर मावा काळा पडून गळायचा. वाफ्यात पाणी मुरलं तर गांडुळं वर येऊन मरायची. मी माझ्या हातानं ती उचलून बांधावर टाकलीत. तंबाखूचं पाणी बारक्या जिवाला काय करतं हे मला त्या माशांच्या घरातल्या साहेबापरीस जास्त ठावं.

तरी मी गप बसले. दीड महिना. वाटायचं, टाकी केवढी, माझं बोट केवढं. मग वाटायचं, मेलं ते मेलं, आता सांगून जितं होतंय का. दर सकाळी मिश्री लावायची, बोटाकडं बघायचं, पुसायचं. जेवण जात होतं. झोप बी येत होती. हे बी सांगायला पाहिजे, न्हाईतर तुम्हाला वाटंल म्हातारीनं लई सोसलं. सोसलं त्या पोरीनं. त्रास मला एकाच गोष्टीचा व्हायचा. "त्या कशाला खोटं बोलतील." माझ्या सख्ख्या पोरांनी माझ्यावर एवढा इश्वास कधी टाकला न्हाई.

शेवटी एका दुपारी सून बाहेर गेलेली बघून नातीला सांगितलं. तिनं हातातला फोन खाली ठेवला.

मग म्हणली, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांदेखत तुझी मान खाली गेली असती."

"आता कुठंय ती वर?"

बोलली ते बरोबरच बोलली. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून ती माझ्यासंगं आली.

साहेब तरुणच होता, चष्मेवाला. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. मिश्री म्हंजे काय ते त्याला कळंना, मी डबी काढून दाखवली. त्यानं वास घेतला आन् डबी लांब ठेवली.

"शक्य आहे," म्हणला. "नक्की सांगता येत नाही. मीठ कमी-जास्त झालं असेल, आणखी काही असेल. पाणी तपासायच्या आत बदललं होतं."

"मग त्या पोरीला का काढली?"

"काढलं नाही, आजी. दोरीच्या आत माणूस घेतलं हे लेखी द्या म्हटलं. तिने लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही."

"मग आता माझं बी लेखी घ्या. अंगठा न्हाई, सही येती मला. तिच्या कागदाला जोडा."

त्यानं कोरा कागद म्होरं सरकवला. मग म्हणला, "दीड महिन्यांनी आलात. उगाच घाई केली नाहीत, बरं केलंत."

नातीचं तोंड लाल झालं. मी तिचा हात दाबला. त्याचा हक्क होता बोलायचा.

कागद त्यानं घेतला. नातीनं लिहिला, मी सही केली, तीन अक्षरं लिहाया मला लई वेळ लागला. पोरीचा फोन नंबर मागितला तर म्हणला, नियमात बसत न्हाई. मी म्हणलं, मग आमचा नंबर तिला द्या. देतो म्हणला. फोन आला न्हाई. त्यानं दिला न्हाई का तिनं केला न्हाई, ते मला ठावं न्हाई. तिनं का करावा?

जाताना त्या कोपऱ्यातनं गेलो. टाकीत नवे तुकडे लावले होते, वर काचेचं झाकण बसवलं होतं. दुसरी पोरगी होती कामाला. मी लांबनंच गेले.

मिश्री सुटली न्हाई. सुटली म्हणून सांगितलं तर ते आणखी एक खोटं. हात मात्र आता साबणानं धुते, दोनदा. नातीनं घरात सगळ्यांना सांगितलं. सुनेनं साबण वर होता तो माझ्या हाताला येईल असा खाली ठेवला.

ती पोवळी मी मारली का, हे मला कुणी नक्की सांगू शकत न्हाई. पण खोटं मी बोलले, त्याला तपासणी लागत न्हाई. अकरा महिने नखाएवढं वाढवायचं आन् एका म्हातारीच्या शब्दावर भरोसा ठेवायचा, एवढंच त्या पोरीचं चुकलं.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझं एवढंच मागणं हाय. पोवळ्याच्या टाक्यांचं काम केलेली, मग ते एकाएकी सोडलेली अशी पोरगी तुमच्या ओळखीत, नात्यात, शेजारात असंल, तर तिला सांगा, त्या आजीनं हात घातला होता. तिनं हात धुतले होते. आन् तुम्ही स्वतः कुणाला काम देणारे असाल आन् ती तुमच्या दारात आली, तर तिला जुन्या कामाचं इचारू नका. ठेवून घ्या.