भिंतीपलीकडच्या माणसासाठी घेतलेला रिसिव्हर

रिसिव्हर घ्यायला मी चिखलीला गेलो तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "खोली केवढी हाय, सर?" मी त्याला माझ्या खोलीचं माप सांगितलं नाही. माझी खोली आणि भिंतीपलीकडची माझ्या थोरल्या भावाची खोली, दोन्ही धरून सांगितलं.

"बाप रे. हॉल हाय का मंगल कार्यालय?" तो म्हणाला. साठीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. बाजारातले सगळे त्याला चाचा म्हणत. "मंधात भिंत-गिंत?"

"आहे एक. विटांची."

त्याने माझ्याकडे जरा पाहिलं आणि एक लांबट, काळा साउंडबार काढून काउंटरवर ठेवला. "हे घ्या. टीवीखाली ठेवा, एक वायर लावा, काम खतम."

"माझ्याकडे स्पीकर आहेत. त्यांना ताकद पुरवणारा, जुळेल असा रिसिव्हर पाहिजे."

"किती जुने?"

"बरेच."

"लाकडी असतीन. पाणी तापवा त्याच्यावर, मस्त तापते."

मी हसलो नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. ओहमचा नियम फळ्यावर इतक्यांदा लिहिला आहे की हात आपोआप लिहितो. स्पीकर आणि यंत्र जुळवायचं म्हणजे काय, हे मी महिनाभर वाचून आलो होतो. माझे स्पीकर कमरेएवढे उंच, आठ ओहमचे, पण सुस्त. तेवढ्याच आवाजासाठी इतरांपेक्षा जास्त ताकद मागणारे. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले वॉट खरे नसतात. ते एकच स्पीकर लावून, एकाच सुरावर मोजलेले असतात. दोन्ही स्पीकर एकदम चालताना, खर्जापासून टिपेपर्यंत किती वॉट मिळतात, तो आकडा बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. मी चाचांना एकेक खोकं उलटं करायला लावलं. तीनचार खोक्यांनंतर पाहिजे तो आकडा सापडला.

"इतक्या ताकदीचं करता काय, सर? शेजारी बदलायचा हाय काय?"

"भजनं ऐकायची आहेत."

"मंग देवाले कानात कापूस घालून बसा लागन."

तो गमतीने बोलत होता. मी मात्र खोकं मोटारसायकलला बांधून आमच्या अमडापूरपर्यंत येताना सबंध वाटेत भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आणत होतो. दुपारचं जेवण करून तो पलंगावर आडवा होतो, तोंडावर टॉवेल घेतो, आणि नेमक्या त्या क्षणी त्याच्या उशामागची भिंत हादरते. त्या चित्रासाठी मी रिसिव्हर घेतला होता. दुसरं काहीही कारण नव्हतं, आणि हे घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

हे स्पीकर आणि त्यांचा अॅम्प्लिफायर आम्ही दोघा भावांनी मिळून घेतले होते, दोघांची लग्नं व्हायच्या आधी. तो शेती पाहायचा, मी नुकताच नोकरीला लागलो होतो. सोयाबीन विकून त्याने अर्धे पैसे घातले, पगारातून मी अर्धे. पहिल्या दिवशी तार कुठे लावायची यावरून आमचं भांडण झालं. मी म्हणालो लाल तार लाल खुंटीला, तो म्हणाला वीज काही रंग पाहत नाही. शेवटी त्याने ऐकलं. "घे बे, तुह्या मनासारखं. चुकलेलं तुले पाहवतच नाही," असं म्हणून त्याने माझ्या डोक्यात टपली मारली. मग आम्ही दोघं जमिनीवर बसून जेवणाची वेळ टळेपर्यंत गाणी ऐकत राहिलो.

वडील गेल्यावर वाटणी झाली. वाटणीला मामा बसले होते. घर एकच, स्लॅबचं. रस्त्याकडच्या दोन खोल्या मी मागून घेतल्या, शिकवणी घ्यायला बऱ्या म्हणून. भावाला मागच्या खोल्या आल्या. तेव्हापासून त्याला स्वतःच्या घरात शिरायला बाजूच्या बोळातून, नालीवरची फरशी ओलांडून जावं लागतं. तो त्या वेळी काही बोलला नाही. मला वाटलं, त्याला चालतंय. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

मग सामानाची पाळी आली. कपाटं दोन, एकेक. पलंग दोन, एकेक. मामांनी स्पीकर नि अॅम्प्लिफायर या गाण्याच्या सामानाकडे बोट दाखवलं. "डबे धाकट्याले, मशीन थोरल्याले. झालं बरोबर."

मी म्हणालो, "मामा, ती एकच वस्तू आहे. एकाशिवाय दुसरं वाजत नाही."

"दादा, सगळं तूच ठेव नाहीतर मला दे," मी भावाकडे वळून म्हणालो. "बदल्यात माझा पलंग घे."

भाऊ मशीनवर हात ठेवून उभा होता. "मले लागते मशीन," तो म्हणाला.

त्याने ते मशीन कधीही लावलं नाही. टीव्हीच्या बाजूला ठेवून वहिनीने विणलेला रुमाल त्यावर अंथरला आणि रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली. दिवाळीला, राखीला, कुणाच्या बारशाला त्या खोलीत गेलो की मला आधी ती फुलं दिसायची. माझे स्पीकर माझ्या खोलीत मुके उभे होते. त्यांच्या पडद्याभोवतीचा फोम सुकून गळून गेला. माणूस एखाद्याचं काही चोरतो तेव्हा निदान ते वापरतो तरी. याने फक्त मला मिळू दिलं नाही. ही गोष्ट मी इतकी वर्षं उराशी धरून ठेवली, आणि रस्त्याकडच्या खोल्यांची गोष्ट मात्र सोयीने विसरलो.

म्हणून मी फोम बदलून घेतला आणि रिसिव्हर आणला.

या नव्या यंत्रांबरोबर एक छोटा माइक येतो. तुम्ही ज्या जागी बसून ऐकणार, तिथे कानाच्या उंचीवर तो ठेवायचा. मग यंत्र स्पीकरमधून टुंई-टुंई असे चढते सूर सोडतं, माइकमधून स्वतःच ऐकतं आणि त्या जागेसाठी आवाज जुळवून घेतं. मी माइक माझ्या खुर्चीवर ठेवला नाही. भावाच्या उशाची उंची मला माहीत होती, कारण तो पलंग माझ्या हिश्श्याचा होऊ शकला असता. त्या उंचीला माइक मी भिंतीला टेकवून चिकटपट्टीने लावला. यंत्राला मी सांगत होतो की ऐकणारा माणूस इथे आहे.

बायको दारात उभी राहून पाहत होती. "तिथं कोण बसणार आहे?"

"यंत्राला तसंच लागतं," मी म्हणालो.

आठवडाभर मी रोज दुपारी शाळेतून आल्यावर भजनं लावून आवाज सोडला. पलीकडून काहीही नाही. ना ठोका, ना शिवी. रविवारी बायको नळावरून हंडा घेऊन आली आणि पदराने हात पुसत म्हणाली, "जाऊबाई म्हणत होत्या, भाऊजींनी रेडिओ आणला वाटते. मंद-मंद चालू राह्यते. यांले त्याच्यावर झोप लई चांगली लागते म्हणे."

मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, आणि स्वतःच्याच कानफटात मारावीशी वाटली. भिंतीजवळ खर्ज आपोआप गोळा होतो, फुगतो. यंत्राने भिंतीजवळ ऐकलं, इथे खर्ज फारच जास्त आहे असं ठरवलं, आणि तो छाटून टाकला. भिंतीतून पलीकडे जातो तो नेमका खर्जच. शाळेत ध्वनी शिकवणाऱ्या माणसाने सूड घेताना स्वतःच त्याचा विषारी दात काढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी ती सगळी जुळवाजुळव बंद केली. स्पीकर ओढून भिंतीला लावले, जेणेकरून तोच फुगलेला खर्ज सरळ पलीकडे जावा. आवाज वाढवला. माझ्याच मांडणीवरची ताटं वाजायला लागली. गाणं ऐकण्यासारखं राहिलं नव्हतं, नुसते धक्के होते. मी खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत होतो. थोड्याच वेळात पलीकडून खोकला आला, मग पलंग सरकवल्याचा आवाज, मग वहिनीचं काहीतरी. माझ्या छातीत इतका आनंद दाटला की मला त्याची भीती वाटली. तरी मी आवाज कमी केला नाही. रोज तेवढाच ठेवला.

भाऊ भांडायला आला नाही. पुढच्या आठवड्यात तो कुठूनसा चार स्पीकर घेऊन आला. कुणाच्या तरी बँडपथकाचे असावेत, ओरखडलेले, लोखंडी जाळीचे. बोळातून आत नेताना त्याने मुद्दाम मोठ्याने वहिनीला सांगितलं, "लोकाइलेच वाजवता येते काय? त्याइचे दोन, आपण चार लावू."

त्या दुपारी मी गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह पाहायला निघालो. जिना दोघांचा, आणि वळणावर भावाच्या खोलीची खिडकी आहे. खिडकी उघडी होती. फुलदाणी खाली जमिनीवर ठेवलेली. मशीन उघड्यावर, मला पाठ करून. त्याच्या पाठीवरची अक्षरं मला वाचावी लागली नाहीत, ती मला पाठ होती. आठ ओहम, त्याहून कमी नको. भाऊ उकिडवा बसून दातांनी तारा सोलत होता. एका खुंटीला एक तार असते तिथे तो दोन-दोन तारा एकत्र पिळून घालत होता.

दोन स्पीकर असे जोडले की ओहम अर्धे होतात आणि ओझं दुप्पट होतं. मशीनला दुप्पट करंट द्यावा लागतो. त्यात ते बँडचे स्पीकर, बहुधा चार ओहमचे. नवं यंत्र असतं तर स्वतःहून बंद पडलं असतं. या जुन्या मशीनला ते शहाणपण नव्हतं. ते आवाज देत राहणार आणि आतल्या आत जळणार. हे मला त्या जिन्यात उभ्या-उभ्या, माझ्या नावाइतकं स्पष्ट माहीत होतं. "दादा, थांब" एवढंच म्हणायचं होतं.

मी मशीनकडे पाहिलं आणि मनात म्हणालो, जळू दे. मला नाही तर त्यालाही नाही.

मी वर गेलो. व्हॉल्व्ह ठीक होता.

खाली येऊन खुर्चीत बसलो तोवर पलीकडे मशीन सुरू झालं. इतक्या वर्षांनी मी त्याचा आवाज ऐकला. भिंतीतून, अनोळखी स्पीकरांतून, तरी ओळखला. थोडा जाडसर, ऊबदार. माझ्या नव्या रिसिव्हरमध्ये ती ऊब नाही, हे मला त्याच वेळी कळलं. भावाने आवाज वाढवला. मी माझा लावला नाही. ऐकत बसलो. दोन गाणी झाली. तिसऱ्यात आवाज फाटला, कापड फाटावं तसा, आणि बंद पडला. मागोमाग जळक्या वार्निशचा वास बोळातून माझ्या खिडकीत आला.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "काही करपलं काय?"

"आपल्याकडे नाही," मी म्हणालो.

त्याला दोन दिवस झाले असतील. मी सकाळी शाळेत निघत होतो. भाऊ बोळातून आला, दोन्ही हातांत मशीन घेऊन, रुमालासकट. माझ्या ओट्यावर ठेवून त्याने कंबर सरळ केली.

"घे. तुले पाह्यजे होतं ना."

मी रुमाल उचलून पाहिलं. "जळलं का?"

"जळलं." तो ओट्याच्या कडेवर टेकला. किती वर्षांनी तो माझ्या ओट्यावर बसला होता. "तू जिन्यात उभा होता. मी पाह्यलं तुले."

मी शाळेची पिशवी खांद्यावरून उतरवली.

"मी तारा पिळून राह्यलो होतो अन् खिडकीतून तुही सावली पडली. मनात म्हटलं, आता हा बोंबलते. आता म्हनते, दादा, लाल इकडे लाव, पांढरी तिकडे लाव. लहानपणापासून चुकलेलं कधी पाहवलं काय तुले? म्या वाट पाह्यली. तू चूपचाप वरते निंगून गेला. मले वाटलं, बरोबर असन मंग. म्हणून बटन दाबलं."

तो हे रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे वर्षानुवर्षांची उत्तरं तयार होती.

"मी टाकीचा व्हॉल्व्ह पाहायला आलो होतो, दादा," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला. उठला, चपला पायात सरकवल्या. बोळाच्या तोंडाशी थांबून वळला. "रुमाल तुह्या वहिनीचा हाय. धुवून वापस देजो."

मशीन आता माझ्या खोलीत आहे, दोन्ही स्पीकरांच्या मध्ये, जिथे ते असायला हवं होतं तिथेच. झाकण उघडून पाहिलं. आतले दोन-चार भाग काळे पडलेत. ते खामगावला मिळतील, आणि सोल्डर लावून झाळणं मला येतं. अजून हात लावलेला नाही. रिसिव्हरही मी तेव्हापासून लावला नाही. बायको विचारते, तुमची भजनं कुठं गेली.

रुमाल धुतला, वाळला, घडी करून ठेवला आहे. द्यायला जायचं तर बोळातून जावं लागेल, त्या फरशीवरून, जी मी त्याच्या वाट्याला दिली. वहिनीच्या हातात रुमाल देताना भाऊ समोर पलंगावर असेल, आणि मला म्हणावं लागेल की मला माहीत होतं. आठ ओहम, पिळलेल्या तारा, सगळं. मी रोज ठरवतो. आणि रोज, घडी हातात घेतली की मामांपुढे मशीनवर हात ठेवून उभा असलेला तो दिसतो. मग वाटतं, ती एकच वस्तू आहे हे त्यालाही त्या दिवशी माहीत होतं. ते त्याने आधी म्हणावं. रुमाल परत कपाटात जातो.