डाव्या पिंजऱ्यातली पंगत

जिजीकाकू पोस्टमनला लाडू द्यायच्या तेव्हा फाटकाशी उभ्या रिक्षावाल्यालाही हाक मारायच्या. "भैया, तुम भी लो. पंक्तिप्रपंच नको बाई!" एकाला वाढायचं आणि शेजारच्याने नुसतं बघायचं, हे त्यांना सोसवतच नसे. साताऱ्याहून जयपूरला येऊन वीस वर्षं झाली, तरी हा हट्ट तसाच.

त्यांचे यजमान माझे सर. ऐंशीच्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते. कढीलिंबाच्या पानांचा अर्क पाजला तर चरबीच्या पेशींची वाढ रोखली जाते का, हा विषय. उजव्या पिंजऱ्यातल्या उंदरांना रोज ड्रॉपरने अर्क, डाव्यांना काही नाही. बाबांची बदली ठरली होती. ते जयपूर सोडायच्या आत काम संपलं नाही, तर शिक्षण गुंडाळून मी त्यांच्याबरोबर नाशिकला!

पहिल्या तुकडीचा निकाल बघून सर खुर्चीतून उठलेच. सूक्ष्मदर्शकाखाली उजव्यांच्या पेशी बारक्या, डाव्यांच्या टम्म फुगलेल्या. मी तर हवेतच होते.

एका दुपारी अवेळी परत आले, तर सरांचा डबा घेऊन आलेल्या काकू डाव्या पिंजऱ्यापुढे उकिडव्या बसून तूप माखलेल्या पोळीचे तुकडे आत सारताहेत.

"काकू! हे काय?"

"अगं, त्यांना तू रोज काहीबाही पाजतेस. मतलब, त्यांची सोय झाली. ही बिचारी नुसती बघत बसतात."

"कधीपासून चाललंय?"

"पहिल्या दिवसापासून की!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्क कसला डोंबलाचा, सगळा काकूंच्या तुपाचा प्रताप! मी नको नको ते बोलले, रडलेही. काकूंनी पदराने डोळे पुसले, पण मुद्दा सोडला नाही. "तुपाचं माझं चुकलं गं. पण त्यांना तू पकडतेस, तोंड उघडतेस, पाजतेस. यांना हातसुद्धा लावत नाहीस. निदान साधं पाणी तरी पाज!"

सर दारातच उभे होते. बायकोवर ओरडतील असं वाटलं, तर ते माझ्यावर ओरडले. "हे तुला का सुचलं नाही? रोजच्या पकडापकडीच्या धसक्यानेही उंदीर रोडावतात!" मग हळूच म्हणाले, "आणि मला तरी कुठे सुचलं?"

सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. काकू स्वतः बाबांकडे गेल्या. "पोर इथेच जयपुरात, खातीपुऱ्याला आमच्या घरी राहील. माझ्यामुळे तिचं वर्ष गेलंय, शिक्षण जाऊ देणार नाही." बाबा एकटे नाशिकला गेले. मी अर्क आणि पाणी पाजायची, काकू घड्याळ धरून बसायच्या. "उजव्याला जितका वेळ, डाव्याला तितकाच!" तुपाचा डबा कुलपात ठेवलेला आणि किल्ली माझ्याकडे, हे त्यांनीच ठरवलेलं.

या वेळी फरक निघाला तो एवढासाच, पण खरा. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "दुसऱ्या गटाला काय दिलंत?"

"पाणी. त्याच हाताने, तितकाच वेळ."

त्यांनी समाधानाने मान डोलावली. बाहेर काकू शिपायापासून सगळ्यांना लाडू वाटत होत्या, निकाल लागायच्या आधीच.

काकू आता नाहीत. माझे विद्यार्थी झकास निकाल घेऊन नाचत येतात, तेव्हा मी एवढंच विचारते, "शेजारच्या पिंजऱ्यात काय वाढलंस?" पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहतात, आणि मला काकूंची फार आठवण येते.